टाचणी लावलेलं पाकीट

लुडविग्सहाफेन
१२ जानेवारी २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार वगैरे सगळं इथे लिहिलंय असं समजा. कागद कमी आहे आणि सांगायचं खूप आहे.

तुमचं पत्र सतरा दिवसांनी पोचलं. सोबत माझं मागचं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलंत, त्याबद्दल आभार. अठ्ठावीस वर्षांच्या, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या मुलीच्या चुका काढणारा बाप अख्ख्या जर्मनीत शोधून सापडणार नाही. पण करता काय? तुमच्या कानांनी दगा दिला म्हणून फोन बंद. मोबाइलवरची अक्षरं म्हणजे तुम्हाला मुंग्या, म्हणून तेही बंद. उरलं पोस्ट. तुमच्या सुधाला, म्हणजे आईला, त्याचा आनंदच असणार. एकतीस वर्षं अमळनेरच्या पोस्टात काढली तिने, घरात अजून पाकिटं येतात म्हटल्यावर तिला बरंच वाटत असेल.

आता बातमी. आमचा बॉक्स उघडायची तारीख ठरली! २८ फेब्रुवारी!

बॉक्स म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं होतंत. ऐका, म्हणजे वाचा. विश्व किती वेगाने फुगतंय हे आम्ही मोजतोय. तो वेग नीट कळला की उलटं मागे जात जात हे सगळं सुरू कधी झालं ते सांगता येतं. भानगड अशी आहे की दोन वाटांनी गेलं तर दोन आकडे येतात. विश्वातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशावरून काढला तर सदुसष्ट, जवळच्या ताऱ्यांवरून काढला तर त्र्याहत्तर. दोन्ही बाजू छातीठोकपणे सांगतात की आमचंच बरोबर. म्हणजे एक तर कुणाचं तरी मोजमाप चुकतंय, नाहीतर सुरुवातीबद्दलचं काहीतरी मोठं आपल्याला अजून कळलेलंच नाही. आमचा गट तिसऱ्या वाटेने निघालाय. खूप लांबचा एक दिवा घ्या. त्याच्या आणि आपल्या मधे एक जडशीळ दीर्घिका आहे, तिच्यामुळे त्या एकाच दिव्याची चार चित्रं दिसतात. दिवा लुकलुकला की एका चित्रात ते आज दिसतं, दुसऱ्यात तेरा दिवसांनी, कारण तो प्रकाश लांबच्या वाटेने आलेला असतो. तो उशीर मोजायचा, त्यावरून अंतर, अंतरावरून वेग. उशिराचा हिशोब आपल्या दोघांना पत्रांमुळे चांगलाच कळतो म्हणा.

आणि खरी मजा पुढे आहे. आम्ही उत्तर स्वतःपासूनच झाकून ठेवतो. संगणक प्रत्येक उत्तरात एक गुप्त आकडा मिसळतो, आलेखांच्या खाली आकडेच नसतात. कारण माणसाला मनासारखं उत्तर दिसलं की तो तपासायचं थांबवतो. सगळी तपासणी संपली, सगळ्यांच्या सह्या झाल्या, की एकदाच झाकण काढायचं. त्यानंतर काहीही बदलायचं नाही. जे निघेल ते तसंच छापायचं. ह्याला आम्ही बॉक्स उघडणं म्हणतो.

हे मला इथे पहिल्यांदा समजावून सांगत होते तेव्हा मी हसले. म्हटलं, हे आमच्या घरी सहावीपासून आहे! गणिताच्या पुस्तकाच्या मागची उत्तरांची पानं तुम्ही टाचणीने बंद करायचात. आणि वर मुद्दाम मोह घालायचात, "अगं बघ एकदा, मी कुणाला सांगत नाही." एकदाच फसले मी. टाचणीचं भोक मोठं झालं म्हणून पकडलंत, आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आठवतं?

आई फोनवर मजेत वाटते. जेवलीस का, थंडी आहे का, दोनदोनदा विचारते. आणि प्रत्येक वेळी, "तुझ्या त्या सुरुवातीच्या आधी काय होतं गं?" परवा एकाच फोनमध्ये तीनदा विचारलं. आमच्या प्रोफेसर बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुढची जागा तुझ्या आईला देऊ या.

तुमची,
मैथिली

•

अमळनेर
३० जानेवारी २०२५

चि. मैथिली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग सुधाला मोठ्याने वाचून दाखवलं. चुका सातच. प्रगती आहे.

तुमच्या बॉक्सची पद्धत मला फार आवडली. चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पोरं आधी मागचं उत्तर बघायची आणि मग गणित त्याच्या दिशेने वळवायची. मोठमोठे शास्त्रज्ञही तेच करतील या भीतीने स्वतःचे हात बांधून घेतात हे वाचून बरं वाटलं. टाचणीची आठवण काढलीस. तेव्हा आठ दिवस अबोला धरला तो जरा जास्तच झाला होता, असं सुधा तेव्हाही म्हणाली होती.

सोबत एक बंद पाकीट आहे. त्यातलं पत्र आईने लिहिलंय. तिची अट अशी की तुझा बॉक्स उघडला की मगच ते उघडायचं, आधी अजिबात नाही. तुझं कामातलं लक्ष उडायला नको, म्हणते. मला तिने शपथ घातली आहे. टाचणी मात्र माझी, हाताची सवय. २८ फेब्रुवारी म्हणजे काही फार लांब नाही. उघडलंस की लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

बाहेरच्या पाकिटावरचा पत्ता तिनेच हट्टाने लिहिला. तुझा पिनकोड दोनदा चुकला, आपला एकदा. खाडाखोड दिसेल, चालवून घे. मी हल्ली स्वयंपाकाच्या वेळी ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. ऐकू येत नाही, पण सोबत होते. गॅस बंद झाला की मी उठतो.

थंडीत कानटोपी घालत जा.

बाबा

•

लुडविग्सहाफेन
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

पाकीट मिळालं. आत काय आहे ते मी न उघडता सांगते. स्थळ! आईचा फोनवरचा आवाज किती दिवस झाले गुळचट येतोय, आणि मधेच "तू कधी येणार गं" म्हणून गप्प होते. मुलगा स्टुटगार्टचा आहे का? इंजिनिअर असणार, कार कंपनीत असणार आणि त्याला ट्रेकिंग आवडत असणार. आईला सांगा, मी शिस्तीची मुलगी आहे, अजिबात उघडणार नाही. कपाटावर उभं करून ठेवलंय. माझी रूममेट ईप्सिता, कोलकात्याची, रसायनशास्त्रात पीएचडी करते, ती रोज ते उजेडात धरून बघते आणि माझ्या शिव्या खाते.

आणि आई पिनकोड चुकली? बाबा, जग बुडालं! मला अंगाईगीताऐवजी खानदेशातले पिनकोड म्हणून झोपवलेल्या बाईबद्दल असं लिहिताना तुमचा हात कसा धजला? तुम्हीच चुकला असाल आणि तिच्या नावावर घातलं असेल.

एक वाईट बातमी आहे. बॉक्स २८ तारखेला उघडत नाही. मधल्या दीर्घिकेचं वजन आम्ही नीट धरलंय का, अशी एकाने शंका काढली. शंका रास्त आहे. ते वजन चुकलं तर सगळंच चुकेल. तेवढं पुन्हा तपासायचं. नवी तारीख ३१ मार्च. मी दोन दिवस चिडचिड केली, मग लागले कामाला.

तुमची,
मैथिली

•

अमळनेर
६ मार्च २०२५

चि. मैथिली,

३१ मार्च. बरं.

तपासणी जरा भराभर उरकता येत नाही का? चार जणांचं काम आठ जणांनी करावं. मी असं लिहितोय ह्याचं तुला नवल वाटेल. मलाही वाटतंय.

स्थळ नाही, एवढं सांगतो. त्याहून जास्त सांगायची मला परवानगी नाही.

परवा सुधा न सांगता धुळ्याला माहेरी निघाली होती. तिथे आता कोण आहे? शेजारचा नागेश, तो रिक्षा चालवतो, त्याने तिला एसटी स्टँडवर पाहिलं आणि रिक्षात घालून घरी आणलं. आता मी दाराची वरची कडी लावतो, तिचा हात पोचत नाही. ती माझ्यावर रागावते, आणि थोड्या वेळाने राग विसरते.

तुझ्या त्या जुन्या प्रकाशाबद्दल तिने पुन्हा विचारलं. त्याच्या आधीचं का दिसत नाही? मी सांगितलं, तेव्हा सगळीकडे इतकं तापलेलं धुकं होतं की प्रकाशाला बाहेर पडायला वाटच नव्हती. तिने समजल्यासारखी मान हलवली. संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

३१ मार्चला उघडलंस की त्याच दिवशी पाकीट वाच.

बाबा

•

लुडविग्सहाफेन
२३ मार्च २०२५

ती. बाबा,

अहो, केलंत काय तुम्ही? चौसष्टाव्या वर्षी बायको रुसून माहेरी निघाली, तेही माहेरी कुणी उरलेलं नसताना! आणि वर कडी लावून कोंडता तिला! मी तिथे असते तर तुम्हाला बाहेर काढून आतून कडी लावली असती. तिची माफी मागा आणि कळण्याची भाकरी स्वतः थापून खायला घाला.

"स्थळ नाही" हे वाक्य मुलीचा बाप फक्त स्थळ असतानाच लिहितो.

बाबा, आता रागावू नका. ३१ मार्चही गेली. दुर्बिणीच्या मोजमापात एक बारीक घोळ निघाला. तीन वर्षांचं सगळं पुन्हा गाळून घ्यावं लागणार. मे महिन्याचा मध्य म्हणतात. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतं, व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीची, अपॉइंटमेंट जुलैशिवाय मिळत नाही, आणि थिसिसमधलं शेवटचं प्रकरण त्या एका आकड्यावाचून कोरं आहे. सकाळी एस-बान लोकलमध्ये बसून हायडेलबर्गला जाते, दिवसभर आकडे नसलेले आलेख बघते, संध्याकाळी परत. परवा गाडीत रडायला आलं. समोरच्या आजीबाईंनी काही न बोलता खोकल्याची गोळी दिली. इथली माया अशीच असते.

आई हल्ली फोन उचलत नाही. उचलला तर लगेच "बाबांना देते हं" म्हणते. तुम्हाला फोन देऊन काय उपयोग, हे तिला माहीत नाही का? एवढी रागावलीय माझ्यावर, मी येत नाही म्हणून? तिला सांगा, बॉक्स उघडला की पहिलं काम तेच.

तुमची,
मैथिली

•

अमळनेर
८ एप्रिल २०२५

चि. मैथिली,

पत्र आजच मिळालं. चुका तपासलेल्या नाहीत.

पाकीट उघडलंस तरी चालेल. खरंच उघड. आईचीही आता हरकत नाही, मी विचारलं. मे महिन्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही. टाचणी काढायची आणि वाचायचं, दोन मिनिटांचं काम.

अगं बघ एकदा, मी कुणाला सांगत नाही.

बाबा

•

लुडविग्सहाफेन
२५ एप्रिल २०२५

ती. बाबा,

वा, मास्तर, वा! मी अजून सहावीत आहे असं वाटलं का तुम्हाला? तेच वाक्य, शब्दही तेच! पत्र वाचून इतकी हसले की ईप्सिता धावत आली. तिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाली, तुझे बाबा भारी आहेत.

फसणार नाही हं. टाचणी जिथल्या तिथे आहे, भोकं तपासून बघा हवं तर, पाकीट घेऊनच येईन. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात इथे एकाने हळूच सुचवलं होतं, निदान आकडा सत्तरच्या वर आहे की खाली एवढं तरी बघू या. मीच जोरात नाही म्हटलं. नंतर प्रोफेसर बाईंनी विचारलं, एवढी ठाम कशी राहिलीस? मी म्हटलं, घरी शिकवलंय.

खूप दिवसांनी मला स्वतःचा अभिमान वाटला, बाबा. तो तुमचा आहे.

१४ मे नक्की. ह्या वेळी सगळ्यांच्या सह्या झाल्या.

तुमची,
मैथिली

•

अमळनेर
९ मे २०२५

चि. मैथिली,

माझं आठ एप्रिलचं पत्र पोचून पंधरा दिवस झाले असतील. तू आली नाहीस, नागेशच्या फोनवर निरोपही नाही. तू पाकीट उघडून वाचलंस असं धरून हे लिहितो.

वाचून तू लगेच निघशील असं मला वाटलं होतं. रिक्षाचा आवाज तर मला येत नाही, म्हणून रोज दारातच बसायचो. आता तसं बसत नाही. तिकडची कामं, व्हिसा, तुझी अडचण मी समजू शकतो. तुला दोष देत नाही. आम्हीच तुला इतकं लांब पाठवलं.

तेरा एप्रिलला सुधाला ताप भरला. सहा दिवस जळगावला हॉस्पिटलमध्ये होती. ताप उतरला, पण त्याच्याबरोबर बरंच काही गेलं. मला आता मास्तर म्हणते. "मास्तर, तुमचं घर छान आहे," म्हणते. भिंतीवरच्या तुझ्या फोटोपाशी उभी राहते आणि ही कुणाची मुलगी, असं विचारते.

नागेश म्हणाला, ताईला व्हॉट्सअ‍ॅप करतो. मी नको म्हटलं. सगळं वाचूनही जी येऊ शकली नाही तिला आणखी काय कळवायचं? नुसता तुझा जीव तुटेल.

तुझा बॉक्स उघडला की आकडा मात्र कळव. मी वाट बघतोय.

बाबा

•

फ्रँकफर्ट विमानतळ
१६ मे २०२५

बाबा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घरी आल्यावर तुमच्या हातात देईन, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे मला तुमच्या कानाशी ओरडून सांगता येणार नाही.

परवा दुपारी तीन वाजता बॉक्स उघडला. आकडा सत्तर, तीन इकडे, तीन तिकडे. म्हणजे सदुसष्टही बसतं आणि त्र्याहत्तरही बसतं. भांडण जिथल्या तिथे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि केक कापला. तसंच छापायचं, ठरल्याप्रमाणे.

केकचा तुकडा हातात घेऊन मी माझ्या टेबलाशी गेले आणि टाचणी काढली. पाकीट त्या दिवशी सोबत नेलं होतं. तिथे उघडायचं, मजा करायची, सगळ्यांना मुलाचा फोटो दाखवायचा, असं ठरवलं होतं मी.

आईने काय लिहिलंय ते तुम्ही वाचलेलं नाही. ते इथे जसंच्या तसं उतरवते.

"मैथिली, मला विसरायला होतंय. चष्मा कुठे ठेवला, तसलं नाही. डिसेंबरात जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मी कागदावर लिहून ठेवलं होतं, आता तो कागद सापडत नाही. हस. बाबांना मी शपथ घातली आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. तीन वर्षं घातलीस, शेवटच्या महिन्यात माझा घोळ नको. पण फेब्रुवारीच्या शेवटी तुझा तो बॉक्स उघडला की त्याच आठवड्यात निघ. आत्ता मला तू सगळी आठवतेस. पहिल्या दिवशी शाळेतून पळून पोस्टात आलीस आणि पार्सलांच्या पोत्यावर झोपलीस. गोवर आला तेव्हा तुला दही हवं होतं. डॉक्टर म्हणाले नव्या गोष्टी आधी जातात, जुन्या नंतर. तू मधली आहेस. म्हणून उशीर करू नकोस. मी ओळखत असताना मला तुला एकदा नीट बघायचंय. आई."

खाली तारीख २७ जानेवारी.

बाबा, ते तीन महिने माझ्या कपाटावर उभं होतं. रोज सकाळी मी त्याच्या शेजारची किल्ली उचलून बाहेर पडत होते. तुम्ही उघड म्हणालात आणि मी हसले! ईप्सिताला बोलावून हसले!

नागेशच्या फोनवर मी मेसेज केला. त्याने फक्त लिहिलं, "या ताई." विमान उशिरा आहे. इथल्या बाकावर बसून लिहिण्याशिवाय मला काहीही करता येत नाही.

मैथिली

•

लुडविग्सहाफेन
१५ जून २०२५

ती. बाबा,

काल पोचले. तुम्ही मला जवळजवळ ढकलून परत पाठवलंत. थिसिस द्यायचा आहे, व्हिसा आहे, तू इथे बसून काय करणार, असं म्हणालात. खरंच, मी तिथे बसून काय करत होते? पण इथे येऊन तरी काय करतेय?

खालच्या ब्रीफकास्टनमध्ये, पत्रांच्या पेटीत, तुमचं नऊ मेचं पत्र पडलेलं होतं. मी तुमच्याकडे निघाले तेव्हा ते माझ्याकडे निघालेलं होतं. सगळं वाचूनही मी आले नाही, असं तुम्ही इतके दिवस धरून चालला होतात! आणि चार आठवडे मी तिथे होते, तर त्यातला एक शब्द बोलला नाहीत. दोष देत नाही, असं लिहिलंत. बाबा, द्या हो. थोडा तरी द्या.

एक गोष्ट मीही तुम्हाला सांगितली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आईची औषधं आणायला गेला होतात. ती पायरीवर बसली होती. माझी जुनी पत्रं मांडीवर घेऊन त्यांचे गठ्ठे लावत होती, पोस्टात लावायची तसे. हात अजून किती सफाईने चालतो तिचा. मी शेजारी बसले. तिने सरकून जागा दिली.

"तुम्ही कुठल्या?" तिने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा आईने मला तुम्ही म्हटलं.

मी म्हटलं, जर्मनीत असते.

"अगंबाई! तिथे काय करता?"

विश्व सुरू कसं झालं ते मोजते, मी म्हटलं.

तिचा चेहरा इतका खुलला, बाबा. "आमची मैथिलीपण तेच करते! तुम्ही ओळखता का तिला?"

मी म्हटलं, थोडं.

"मग त्याच्या आधी काय होतं हो?"

मी म्हटलं, तिथवर कुणालाच दिसत नाही. एका हद्दीच्या पलीकडे नुसतं धुकं आहे.

"असू दे," ती म्हणाली. "आमची मैथिली आली की सांगेल. तिचा बॉक्स उघडायचाय अजून. उघडला की येणार आहे." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पण थांबा ना. भेट होईल."

मी थांबले. तुम्ही येईपर्यंत आम्ही दोघी माझी वाट बघत बसलो.

मी काय करू ते सांगा. तुम्ही मला आजवर प्रत्येक गणिताला निदान पहिली पायरी तरी सांगितली आहे.

मैथिली

•

अमळनेर
४ जुलै २०२५

चि. मैथिली,

तुझं पत्र मिळालं. पायरी मला माहीत नाही, बाळ.

दोष वाटायचा झाला तर मोठा वाटा माझा आहे. ते आठ एप्रिलचं पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोनांत सगळं सरळ लिहिलं होतं. मग वाटलं, पोर परदेशात एकटी आहे, वाचून हातपाय गाळेल. म्हणून फाडली, आणि हलकं करून लिहिलं. ते टाचणीचं वाक्य मला सुचलं तेव्हा बरं वाटलं होतं. तू हसशील, आणि हसत उघडशील, असं वाटलं. तुझं उत्तर वाचलं तेव्हा चूक कळली. एकदा फसलीस म्हणून आठ दिवस अबोला धरणारा बाप, त्याची मुलगी दुसऱ्यांदा कशी फसणार?

आता हे तुझ्यापासून लपवत नाही. यापुढे काहीच लपवणार नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सुधा दारात जाऊन बसली. मैथिली कधी येणार, म्हणाली. मला राहवलं नाही. मी सांगितलं, अगं, येऊन गेली ना, महिनाभर होती, तुला रोज जेवू घालत होती.

तिचा चेहरा पडला. "आली होती? आणि मला भेटली नाही?" असं म्हणून लहान मुलीसारखी रडायला लागली. दिवसभर जेवली नाही. नागेशची बायको येऊन समजूत घालून गेली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं विसरली, आणि पुन्हा दारात जाऊन बसली. मला म्हणाली, "मास्तर, आमच्या मैथिलीचा बॉक्स उघडला का हो?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मग येईल," म्हणाली, आणि पोटभर जेवली. तेव्हापासून रोज विचारते, आणि मी रोज तेच सांगतो.

बाबा